राहून गेले

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ‘उपयोजित मराठी’ आली तेव्हापासून अहवाललेखन हा घटक आम्हां मराठीच्या अध्यापकांच्या वाट्याला आलेला आहे. पाठ्यपुस्तकांतले अहवाल सर्वांच्याच परिचयाचे आहेत. स्नेहसंमेलन, वृक्षारोपण, मराठी भाषा दिन. प्रमुख पाहुण्यांचा परिचय, शाल आणि श्रीफळ, आणि अखेरीस सर्व काही उत्साहात पार पडणे. या अहवालांत काही बिघडतच नाही, त्यामुळे ते मुळात लिहावेच का लागले हे विद्यार्थ्याला उमगत नाही. अहवाल हा गद्यप्रकार खरे तर काहीतरी बिघडल्यानंतर जन्माला येतो, असे आमच्यापैकी एकाचे मत आहे. त्या मतापायी गेले वर्षभर आम्ही चौघे, तास संपल्यावर, निरनिराळ्या चौकशी-अहवालांचे प्रकट वाचन करीत आलो आहोत. एकाने वाचायचे, तिघांनी ऐकायचे. अहवाल इंग्रजी असेल तर वाचणाऱ्याने वाक्यागणिक मराठी करीत जायचे.

त्यांतला एक अहवाल आमच्या मनातून जायला तयार नाही. तो ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने सप्टेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा विषय एका लहान, दोन इंजिनांच्या विमानाचा उड्डाण करतानाच झालेला अपघात. मृतांची संख्या पाच. जगातल्या मोठ्या दुर्घटनांच्या यादीत या अपघाताला फारसे स्थान मिळणार नाही. पण अहवाल वाचताना आम्हांला वारंवार वाटत राहिले की हा आपल्याच व्यवसायाविषयी, म्हणजे वाचण्याविषयी, लिहिलेला मजकूर आहे.

घटना थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण ती घडलीच थोडक्यात. मेलबर्न शहरातला एसेंडन हा विमानतळ. १९७०च्या सुमारास टुलामरीनचा नवा विमानतळ झाला आणि मोठी विमाने तिकडे गेली. एसेंडनला राहिली ती लहान विमाने. तेथून २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सकाळी नऊला दोन मिनिटे असताना बीचक्राफ्ट कंपनीचे ‘किंग एअर बी२००’ जातीचे एक विमान निघाले. एक वैमानिक आणि चार प्रवासी. प्रवासी अमेरिकेचे, सुट्टीवर आलेले, आणि व्हिक्टोरिया व टास्मानिया यांच्या मधल्या समुद्रातील किंग आयलंड या बेटावर गोल्फ खेळायला निघालेले. वैमानिकाच्या खाती साडेसात हजारांहून अधिक तासांचे उड्डाण होते, त्यातला काही भाग याच जातीच्या विमानावरचा. विमान धावपट्टीवर नेहमीपेक्षा लांब धावले. जमीन सोडताच त्याचे नाक डावीकडे वळू लागले. ते डावीकडे सरकत सरकत सुमारे १६० फूट उंचीपर्यंत पोहोचले, तिथून उतरू लागले आणि विमानतळाला लागून असलेल्या एका मोठ्या विक्रीसंकुलाच्या छतावर आदळले. दुकाने अजून ग्राहकांसाठी उघडायची होती. विमानातले पाचही जण मरण पावले; जमिनीवर दोघांना किरकोळ दुखापत झाली.

पहिल्या दिवशीच्या बातम्यांत एकच कारण होते, इंजिन बंद पडले. हे अगदी स्वाभाविक होते. दोन इंजिनांचे लहान विमान उड्डाण करताना पडले म्हटले की माहीतगार माणसाच्या तोंडी प्रथम हेच येते, आणि त्याला कारणही आहे. दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षितता, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात एक इंजिन गेले की शक्ती निम्मी होते, पण वर चढण्याची क्षमता निम्म्याहून कितीतरी अधिक घटते, कारण विमानाला हवेत नुसते टिकवून ठेवण्यातच उरलेल्या शक्तीचा बहुतेक भाग खर्च होतो. शिवाय पंखांवरची इंजिने मध्यरेषेपासून दूर असतात. दोन वल्ह्यांच्या होडीत एकाच बाजूचे वल्हे मारत राहावे तशी गत होते. होडी पुढे जाण्याऐवजी फिरू लागते. ते फिरणे शेपटीवरच्या रडरने, म्हणजे उभ्या सुकाणूने, रोखावे लागते, आणि वेग एका मर्यादेखाली गेला तर रडरही पुरा पडत नाही. मोठ्या प्रवासी विमानांना एक इंजिन ऐन वेळी गेले तरी उड्डाण पुरे करता येते हे सिद्ध करून दाखवावे लागते. हलक्या विमानांपैकी अनेकांवर ते बंधन नसते. दुसरे इंजिन कशासाठी असते, तर अपघाताच्या जागेपर्यंत पोहोचवण्यासाठी, असा एक कडवट विनोद वैमानिकांत प्रचलित आहे तो यामुळेच.

एसेंडनला मात्र हे काहीच झाले नव्हते. अवशेष तपासल्यावर दिसले की दोन्ही इंजिने आदळण्याच्या क्षणापर्यंत व्यवस्थित चालत होती. बिघाड सापडला तो एका लहानशा चकतीत. किंवा त्याला बिघाड तरी कसे म्हणावे? ती चकती मोडलेली नव्हती. ती फक्त चुकीच्या जागी होती.

ट्रिम म्हणजे काय ते येथे सांगणे भाग आहे. विमान एका बाजूला ओढत असेल तर वैमानिकाला सतत पायाने रडर दाबून धरावा लागतो. तासन्‌तास पाय रेटून बसणे शक्य नसते. म्हणून त्याच्या हाताशी एक फिरती चकती असते; ती फिरवली की रडर ठरावीक प्रमाणात एका बाजूला कललेला राहतो आणि पायावरचा भार कमी होतो. चकतीला दर्शक असतो, अंश कोरलेले असतात. उड्डाणापूर्वी ती योग्य जागी, सर्वसाधारणपणे मध्यावर, आहे हे पाहायचे असते. एसेंडनच्या विमानाची चकती डावीकडे टोकापर्यंत फिरलेली होती. वैमानिकाचा भार हलका करण्यासाठी केलेली ही सोय त्या दिवशी पहिल्या क्षणापासून त्याच्या विरुद्ध जोर लावीत होती. उड्डाणापूर्वी हे वैमानिकाच्या लक्षात आले नाही, असा मंडळाचा निष्कर्ष आहे.

चकती पाहा, असे सांगणारा मजकूर अस्तित्वात होता. चेकलिस्टमध्ये ट्रिमचा उल्लेख उड्डाणापूर्वी एकाहून अधिक वेळा येतो. संहिता चोख होती, वाचक अनुभवी होता, आणि तरीही वाचन झाले नाही. अहवालाच्या या पानाशी आम्ही सर्वांत अधिक काळ रेंगाळलो.

तिथेच आणखी एक गोष्ट निघाली, जी आमच्यातल्या संहिताचिकित्सेच्या अभ्यासकाला विशेष भावली. ज्या कंपनीचे हे उड्डाण होते तिच्या कार्यपद्धतीच्या पुस्तकात या विमानासाठी भलतीच चेकलिस्ट नमूद केलेली होती, आणि मंजुरीच्या प्रक्रियेत ही गफलत कोणाच्या नजरेस आली नव्हती. म्हणजे प्रश्न केवळ अवधानाचा नव्हता, पाठाचाही होता. आपण ज्ञानेश्वरीच्या प्रतींतल्या पाठभेदांवर प्रबंध लिहितो. एका काना-मात्रेसाठी दोन विद्वान आयुष्यभर अबोला धरतात. त्या चिकाटीला बाहेरच्या जगात काय किंमत, असे आम्हांला दरवर्षी विद्यार्थी विचारतात. प्रमाण प्रत कोणती हे वेळीच पाहणे किती निकडीचे असू शकते ते इथे दिसते, एवढे आता त्यांना सांगता येईल.

भाषांतर करताना अडचण आली ती एका साध्या वाक्याची. इंग्रजीत कर्ता आहे: वैमानिकाला ट्रिमची स्थिती आढळली नाही. वाचणाऱ्याने नकळत मराठी केले, ‘ट्रिम पाहायचे राहून गेले.’ दुसऱ्याने लगेच हरकत घेतली. त्यावर जवळजवळ तासभर वाद झाला, आणि तो व्याकरणाचा वाद होता असे म्हणता येणार नाही.

‘राहून जाणे’ हे मराठीचे विलक्षण क्रियापद आहे. पत्र लिहायचे राहून गेले. आजारी मावशीला भेटायचे राहून गेले. या वाक्यांत माणूस कर्ता नसतो. कृतीच मागे राहते, जणू स्टेशनवर सामान राहावे तशी. दोष कोणावर येत नाही, पण हळहळ मात्र पुरेपूर येते. हरकत घेणाऱ्याचे म्हणणे असे की ही मराठीची पळवाट आहे. पाच माणसे मेली, आणि भाषा म्हणते की काहीतरी राहून गेले! कोणाकडून राहिले ते सांगा. वाचणाऱ्याचे म्हणणे असे की अहवाल स्वतःच दोष देण्यासाठी लिहिलेला नाही. या मंडळाच्या कायद्यातच ते आहे. ते कोणाला दोषी ठरवत नाही, नुकसानभरपाईचा निर्णय करीत नाही. ‘कारण’ या एकवचनी शब्दाऐवजी ते ‘साहाय्यभूत घटक’ असे म्हणते. मग मराठीने तरी दोषारोपाचा आव का आणावा?

आम्हांला या ठिकाणी शाकुंतल आठवले, आणि ते केवळ अध्यापकी सवयीने आठवले असे नाही. महाभारतातल्या दुष्यंताला सर्व आठवत असते. तो भर सभेत शकुंतलेला नाकारतो तेव्हा जाणूनबुजून नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी मधे घातली, आणि नैतिक अपराधाचे रूपांतर विस्मरणात केले. त्या शापाचे मूळ कशात आहे? दाराशी आलेल्या अतिथीची हाक विचारात बुडालेल्या शकुंतलेकडून ऐकायची राहून गेली यात. पुढे अंगठीही तिच्या नकळत पाण्यात पडते. राजाला दोषमुक्त करण्यासाठी कालिदासाने नाटकभर अवधानाच्या लहान लहान उणिवा पसरून ठेवल्या आहेत. टीकाकारांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. कोणी याला औचित्य म्हटले, कोणी सारवासारव. आमच्या खोलीतही तेच दोन पक्ष पडले होते. ॲरिस्टॉटलच्या ‘हॅमर्शिया’चे भाषांतर दोष करावे की नेम चुकणे, हा वर्गात दरसाल रंगणारा वादही याच जातीचा. वर्गात तो परीक्षेपुरता असतो. येथे पाच माणसे होती.

अखेर वाक्य असे ठरले: ‘ट्रिम डावीकडे टोकाला असल्याचे वैमानिकाच्या लक्षात आले नाही.’ हरकत घेणाऱ्याचे तरी पूर्ण समाधान झाले नाही. असो.

चेकलिस्ट हा लेखनप्रकार स्वतःच एका उड्डाण-अपघातातून जन्मला, हे आमच्यापैकी कोणाला आधी ठाऊक नव्हते. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील डेटनजवळच्या राइट फील्डवर बोइंग कंपनीचे ‘मॉडेल २९९’ हे चार इंजिनांचे नवे बॉम्बफेकी विमान लष्करी चाचणीसाठी उडाले, थोडे वर चढले आणि कोसळले. चालवणारे मेजर प्लॉयर हिल हे लष्कराच्या उड्डाण-चाचणी विभागाचे प्रमुख होते. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने त्याच्या शेपटीचे पृष्ठभाग हलू नयेत म्हणून एक अडसर लावलेला असतो. तो काढायचा राहिला होता. हिल दगावले, आणि बोइंगचे चाचणी-वैमानिक लेस्ली टॉवर नंतर काही दिवसांनी गेले. इतके गुंतागुंतीचे विमान एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे असे बोलले गेले. लष्कराच्या वैमानिकांनी मात्र हिल यांच्याहून कुशल माणूस शोधण्याचा नाद सोडला आणि एक यादी तयार केली. उड्डाणापूर्वी काय, उड्डाणात काय, उतरण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर काय. सर्व बाबी इतक्या क्षुल्लक की लिहून ठेवायची लाज वाटावी. तेच विमान पुढे बी-१७ म्हणून बारा हजारांहून अधिक संख्येने बांधले गेले.

ही हकीकत जगभर पोहोचवली ती डॉ. अतुल गावंडे यांनी, २००९ साली निघालेल्या ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ या पुस्तकातून. गावंडे हे बॉस्टनचे शल्यविशारद. पण त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातील उटी गावचे, आणि त्या वडिलांनी आपल्या आईच्या नावाने उभे केलेले गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय उमरखेडला आहे. ग्रामीण महाविद्यालयात शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना हा धागा सापडल्याचा आनंद झाला, तो लपवण्याचे कारण नाही. गावंडे यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेची एकोणीस बाबींची यादी सिद्ध केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी असे तीनदा थांबायचे. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. त्या यादीतली एक बाब अशी की सर्वांनी आपापले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे. शब्द उच्चारला की माणूस तिथे हजर होतो, अशी काहीशी ती कल्पना आहे.

पण यादी मिळाली म्हणजे ती वाचली जाईल असे नाही. १९३५ नंतर एकोणऐंशी वर्षांनी, ३१ मे २०१४ रोजी, मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड येथे गल्फस्ट्रीम जातीचे एक दोन इंजिनांचे जेट उड्डाण करताना धावपट्टीच्या टोकापलीकडे गेले आणि सातजण मरण पावले. कारण, तोच अडसर. यंत्रांत साठलेल्या नोंदी उलगडल्या तेव्हा दिसले की त्या आधीच्या १७५ उड्डाणांपैकी अवघ्या दोन उड्डाणांपूर्वी नियंत्रणांची संपूर्ण तपासणी झालेली होती. दोन्ही वैमानिक अनेक वर्षे एकमेकांसोबत उडत आलेले. त्यांच्या विमानातला ध्वनिमुद्रक चालू होता, आणि त्यावर चेकलिस्ट वाचल्याचा आवाज नव्हता. १७३ वेळा काहीही बिघडले नाही, हेच बहुधा त्यांचे प्रशिक्षण ठरले.

हे सारे आम्ही निव्वळ तटस्थ अभ्यासक म्हणून वाचत होतो असे म्हटले तर ते खरे होणार नाही. आमच्यातल्या एकीची भाची विदर्भातल्या एका उड्डाणशाळेत शिकते. एका इंजिनाच्या विमानावरचे तिचे तास पुरे झाले आणि दोन इंजिनांचे, चार आसनांचे विमान सुरू झाले, त्याच सुमारास आमचा हा अहवाल चालू होता. मावशीने पहिली काही पाने वाचून दाखवली आणि पुढची वाचायला नकार दिला. मुलगी दिवाळीत घरी आली तेव्हा मावशीने तिला जेवणाच्या टेबलाशी पाहिले: समोर पुठ्ठ्यावर चिकटवलेले कॉकपिटचे चित्र, हात एकेका बटणावर, आणि तोंडाने पुटपुटणे चालू.

“काय गं, स्तोत्र म्हणतेस का?”

“मावशी, चेकलिस्ट. आणि हे पाठ म्हणायचं नसतं, वाचायचं असतं. सरांनी काल त्यावरूनच झापलं मला. मी धडाधडा पाठ म्हणून दाखवली, तर म्हणाले, कागद कुठाय? पाठ आहे म्हणूनच वाच.”

मावशीने हे आम्हांला सांगितले तेव्हा आम्ही काही वेळ गप्प होतो. पाठांतर हा आपल्याकडे ज्ञानाचा परमावधी मानला गेला. वेद पाठ, अमरकोश पाठ, पाढे पाठ, हरिपाठाचे तर नावच पाठ. पाठ असलेली गोष्ट पाहून म्हणणे हे कमीपणाचे. आणि तरीही आपल्याच परंपरेत पोथीचे पारायण पोथी समोर उघडी ठेवूनच करतात, पाठ असली तरी. अर्थात पारायणाचा अनुभव ज्यांना आहे त्यांना हेही ठाऊक आहे की डोळे ओळीवरून फिरत असतात, ओठ हलत असतात, अध्याय संपतो, आणि मन मधल्या काळात बाजारात जाऊन भाजी घेऊन आलेले असते. भाचीच्या गुरुजींना बहुधा याचीच धास्ती असावी. म्हणून नुसते वाचणे पुरत नाही. बोट ठेवायचे, नाव उच्चारायचे, आणि दर्शकावर काय दिसते ते स्वतःच्या तोंडाने सांगायचे.

मोठ्या विमानात हे काम दोघे करतात. एक पुकारतो, दुसरा पाहून उत्तर देतो. कीर्तनात बुवा चरण टाकतात आणि मागचे टाळकरी तो उचलतात, तशी ती जुगलबंदी असते. बुवा चुकले तर टाळकऱ्याच्या ध्यानात येते. एसेंडनच्या विमानात वैमानिक एकटा होता, आणि नियमाने ते चालण्यासारखे होते. विचारणारा तोच, उत्तर देणारा तोच. एकट्याने केलेले प्रश्नोत्तर हळूहळू स्वगत होत जाते. स्वगतात माणूस स्वतःला न पटणारे काही ऐकवीत नाही, हे नाटक शिकवणाऱ्याला सांगायला नको.

भाचीने मावशीला आणखी एक गोष्ट शिकवली. एक इंजिन गेले की विमान त्या बाजूला ओढते. ते सरळ ठेवण्यासाठी विरुद्ध बाजूचा पाय दाबावा लागतो. मग मनाशी म्हणायचे: जो पाय रिकामा, त्या बाजूचे इंजिन गेले. एवढे साधे. ३० जून २०१९ रोजी टेक्सासमधल्या ॲडिसन येथे याच किंग एअर घराण्यातल्या मोठ्या विमानाचे डावे इंजिन उड्डाण होताच मंदावले, आणि वैमानिकाने पाय दाबला तोही डावा. दहाजण गेले. भाचीला हा अपघात तपशिलाने माहीत होता. शिकवतानाच सांगतात, म्हणाली. मावशीने विचारले, तुला भीती नाही वाटत? “वाटते ना. म्हणून तर वाचते.” मावशीचे यावर समाधान झाले नाही, आणि आमचेही झाले नाही, पण २२ डिसेंबर २०१५ रोजी दिल्लीहून उडताच पडलेले सीमा सुरक्षा दलाचे विमानही बी२०० होते आणि त्यात दहाजण गेले, ही माहिती आम्ही तिघांनी मावशीपासून बरेच दिवस दूर ठेवली होती ती तिला भाचीकडूनच कळली.

अहवालाकडे परत येऊ, कारण त्यातले एक वाक्य सांगायचे आहे. विमानतळाला खेटून इतकी मोठी इमारत का उभी राहू दिली, असा संताप मेलबर्नमध्ये त्या वेळी व्यक्त झाला होता आणि तो रास्तही वाटतो. मंडळाने त्याचा शांतपणे विचार केला आहे. इमारत असल्यामुळे या अपघाताचे परिणाम अधिक गंभीर झाले नाहीत, असे ते म्हणते. ती नसती तर विमान बहुधा पलीकडच्या वाहत्या महामार्गावर जाऊन पडले असते आणि जमिनीवरची आणखी माणसे सापडण्याची शक्यता होती. कोणत्याही कादंबरीकाराने हा योग रचला असता तर आम्ही समीक्षेत त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते. अहवालात तो दोन ओळींत येतो, विशेषणांवाचून, आणि पुढचा परिच्छेद वजनाविषयीचा असला तरी वाचकाला काही कमी पडत नाही. विमान ठरलेल्या मर्यादेपेक्षा सुमारे २४० किलोने जड होते. त्याचा अपघाताशी संबंध असण्याची शक्यता नाही, हेही तितक्याच सरळपणे नोंदवले आहे. जे जबाबदार नाही तेही लिहून ठेवायचे, ही या गद्याची शिस्त. आमच्या विद्यार्थ्यांच्या अहवालांत, आणि खरे तर आमच्या समीक्षालेखांतही, ती सहसा आढळत नाही. आपल्या सिद्धान्ताला उपयोगी न पडणारी वस्तुस्थिती आपण सौजन्याने वगळतो.

आमच्यातल्या एकाला हा सगळाच प्रकार अप्रशस्त वाटला, हे नोंदवायला हवे. पाच घरांतल्या मरणातून चार मास्तरांनी गद्यशैलीचे धडे काढायचे, हे त्याला पटले नाही. त्याचे म्हणणे आम्ही खोडून काढू शकलो नाही. एवढेच म्हणू शकलो की अहवाल लिहिणाऱ्यांनीही त्या मरणातून धडेच काढले आहेत, आणि ते वाचले जावेत म्हणूनच तो सर्वांसाठी खुला ठेवला आहे. तो तरीही पुढच्या वाचनाला आला. त्याने वाचायला घेतलेला भाग ध्वनिमुद्रकाविषयीचा होता.

कॉकपिटमधले बोलणे टिपून ठेवणारा मुद्रक या विमानातही होता. आग आणि आघात सोसून तो सापडला. ऐकला तेव्हा त्यावर आधीच्या एका उड्डाणातले आवाज निघाले. या उड्डाणाचा एक शब्दही नाही. धक्का बसला की मुद्रण थांबवणारा एक स्विच त्यात असतो. तो पूर्वी कधीतरी पडलेला होता आणि उड्डाणाआधी पूर्ववत केलेला नव्हता. त्यामुळे त्या सकाळी यादी हातात घेतली गेली का, कोणती, कुठवर वाचली, ट्रिम हा शब्द उच्चारला गेला का, याचा आवाज कुठेही उरलेला नाही. वैमानिकाचा आवाज आहे तो नियंत्रण मनोऱ्याच्या ध्वनिफितीवर. उड्डाणानंतर लगेचच त्याने मदतीसाठी ठरलेला ‘मेडे’ हा शब्द उच्चारला. तोच शब्द, सात वेळा.